पाव्हियाचे घंटाघर आणि एक न सुटलेले कोडे

वटवाघूळ हे नाव काढले तरी पुष्कळांच्या अंगावर काटा उभा राहतो. पडका वाडा, ओसाड देऊळ, अमावास्येची रात्र यांच्याशी या प्राण्याची सांगड आपण केव्हा घातली, ते कुणालाच आठवत नाही. माझ्या आजीचे म्हणणे असे की, वटवाघूळ आंधळे असते, त्याला देवच वाट दाखवतो, म्हणून ते देवळाचा आसरा धरते. आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपात लाकडी तुळयांच्या फटींत शेदोनशे लहान वटवाघळे राहत असत. दिवेलागणीला ती बाहेर पडत, तेव्हा मंडपात टांगलेली घंटा, समईची साखळी, नवसाचे पाळणे या सगळ्यांमधून वाऱ्यासारखी निघून जात. पण त्यांच्या धक्क्याने घंटा वाजली असे कधी कुणी ऐकले नाही.

मी नववीत असताना देवळाचा जीर्णोद्धार निघाला. तुळया काढून वर स्लॅब पडणार होता. वटवाघळे हाकलण्यासाठी ओल्या पाल्याचा धूर करायचे ठरले आणि धुराची घमेली आत नेऊन ठेवणाऱ्या पोरांत मीही होतो. फटी सिमेंटने बुजवल्या. त्यानंतर सात-आठ दिवस काकड आरतीला जाणाऱ्या माणसांना पहाटेच्या अंधारात ती वटवाघळे बुजवलेल्या फटींपाशी घिरट्या घालताना दिसत. नेमक्या त्याच जागी यायची, भिंतीला लागून फिरायची आणि परत वळायची. मग एके दिवशी ती येईनाशी झाली. आंधळा म्हणवणारा प्राणी अंधारात एवढ्याशा फटीची जागा चुकत कसा नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात राहिला. विचारणार कुणाला? आमच्या घरात माझ्याआधी कुणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, आणि शाळेत असला प्रश्न परीक्षेला येत नव्हता.

येथे आल्यावर ग्रंथालयात एका माणसाची ओळख झाली. सव्वादोनशे वर्षांपूर्वी वारलेला एक इटालियन धर्मगुरू आणि प्राध्यापक. त्याने हाच प्रश्न विचारला होता, आणि तोही एका घंटाघरातील वटवाघळांविषयी. त्याचे नाव लाझारो स्पालान्झानी. शास्त्र शाखेच्या मित्रांनी हे नाव दुसऱ्या प्रयोगांच्या संदर्भात वाचले असेल. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ते नवीन आहे, म्हणून त्याच्या आयुष्याची ही थोडक्यात कहाणी.

स्पालान्झानीचा जन्म जानेवारी १७२९ मध्ये उत्तर इटलीतील स्कांदियानो या लहानशा गावी झाला. इटली हा तेव्हा एक देश नव्हता. लहान लहान सरदारांची, पोपची आणि ऑस्ट्रियाच्या राजघराण्याची अशी ती विभागलेली भूमी होती. वडील वकील होते. मुलाने आपलाच व्यवसाय पुढे चालवावा अशी त्यांची इच्छा असावी यात नवल नाही. पंधराव्या वर्षी त्याला जवळच्या रेज्जो शहरात जेझुइट पंथीयांच्या विद्यालयात घातले. मुलगा हुशार निघाला. आपल्या पंथात सामील हो असा जेझुइटांनी आग्रह केला, पण तो त्याने मानला नाही. तेथून तो कायदा शिकण्यासाठी बोलोन्याच्या प्रसिद्ध विद्यापीठात गेला.

बोलोन्यात त्याच्या आयुष्याला वळण मिळाले ते एका स्त्रीमुळे. लॉरा बास्सी ही त्याच्या नात्यातली बहीण. ती त्या विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत असे. अठराव्या शतकात विद्यापीठात अध्यापनाचे पद मिळवणाऱ्या स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्याही नव्हत्या, हे लक्षात घेतले म्हणजे तिची योग्यता कळते. तिच्या सहवासात या तरुणाला कायद्याच्या कलमांपेक्षा निसर्गाचे नियम अधिक मोलाचे वाटू लागले. कायदा सोडण्यास वडिलांची परवानगी मिळवण्यासाठी मात्र व्हालिस्नेरी नावाच्या एका विद्वानाला मध्यस्थी करावी लागली. आपल्याकडे अभ्यासक्रम बदलताना घरी जे घडते, त्याहून हे फारसे वेगळे नाही!

पुढे त्याने धर्मगुरूची दीक्षा घेतली. या दीक्षेमुळे त्याला उदरनिर्वाहाची थोडी निश्चिती आणि समाजात मान मिळाला, आणि अभ्यासाला मोकळीक राहिली. रेज्जो येथे तो तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान आणि ग्रीक भाषा शिकवू लागला. म्हणजे हा मोठा जीवशास्त्रज्ञ आरंभी आपल्याच, कला शाखेच्या विषयांचा शिक्षक होता, हे वाचून मला फार आनंद झाला. १७६३ मध्ये तो मोदेनाला गेला आणि १७६९ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया तेरेझा हिच्या सरकारने त्याला पाव्हियाच्या विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे अध्यापनपद दिले. मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षे, तो तेथेच राहिला. विजेच्या घटाचा जनक व्होल्टा हाही पुढे त्याच विद्यापीठात प्राध्यापक होता.

त्या काळी पुष्कळ विद्वानांची अशी समजूत होती की, सूक्ष्म जीव आपोआप उत्पन्न होतात. नीडहॅम या इंग्रज पाद्र्याने रस्सा उकळून, बुचाने बंद करून ठेवला आणि काही दिवसांनी त्यात सूक्ष्म जीव दिसले, तेव्हा हे मत पक्के झाले. फ्रान्सचा थोर निसर्गतज्ज्ञ ब्यूफाँ याने त्याला दुजोरा दिला. स्पालान्झानीने तोच प्रयोग अधिक काळजीपूर्वक केला. बुचावर विश्वास न ठेवता त्याने काचेच्या चंबूचे तोंड आचेवर वितळवून बंद केले आणि मग चंबू पुष्कळ वेळ उकळत्या पाण्यात ठेवले. आत काहीही उत्पन्न झाले नाही. जीव आपोआप होत नाहीत, ते बाहेरून शिरतात, असे त्याने १७६५ मध्ये प्रसिद्ध केले. वाद मिटला नाही. पाश्चरने तो मिटवायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

अन्नपचन कसे होते, हे पाहण्यासाठी त्याने अन्न भरलेल्या लहान कापडी पिशव्या आणि लाकडी नळ्या स्वतः गिळल्या. सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याचा पाय तोडला तर तो पुन्हा कसा उगवतो, याचा त्याने अभ्यास केला. कुत्रीमध्ये कृत्रिम रेतनाने पिले जन्माला आणण्याचा प्रयोगही त्याचाच, आणि तो १७८० मध्ये प्रसिद्ध झाला. आज आमच्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतात. रांगेत गाय घेऊन उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला या पाद्र्याचे नाव माहीत नसते, पण त्याचे काम त्याच्या गोठ्यापर्यंत पोचले आहे.

तो देवमाणूस होता असे मात्र कुणी समजू नये. तो तापट होता, मानी होता आणि वैर विसरत नसे. १७८५ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासाला गेला असता, विद्यापीठाच्या संग्रहालयातील वस्तू त्याने आपल्या गावच्या घरी नेल्या, असा आरोप त्याच्याच काही सहकाऱ्यांनी केला. चौकशी झाली आणि १७८७ मध्ये त्याला निर्दोष ठरवण्यात आले. पण त्याने सूड घेतलाच. आरोप करणाऱ्यांपैकी स्कोपोली या वृद्ध शास्त्रज्ञाने कोंबडीच्या घशाच्या तुकड्याला नव्या जातीचा जंत समजून त्याचे वर्णन छापले होते. स्पालान्झानीने टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध करून त्याची भरपूर टिंगल केली. स्कोपोली त्याच वर्षी, १७८८ मध्ये, वारला. मोठ्या माणसांच्या चरित्रात अशी पाने गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ती गाळून माणूस समजत नाही.

आता मूळ विषयाकडे येतो. माणसाच्या आसऱ्याला राहणाऱ्या प्राण्यांकडे स्पालान्झानीचे आधीपासूनच लक्ष होते. घराच्या आढ्याला घरटी बांधणाऱ्या भिंगऱ्यांचा त्याने अभ्यास केला होता. १७९३ मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, तो रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांकडे वळला. त्याच्याजवळ एक घुबड होते. खोलीत मेणबत्ती जळत असली की ते बिनधास्त उडे. मेणबत्ती विझून पूर्ण अंधार झाला की मात्र ते भिंतींवर आपटू लागे. म्हणजे घुबडालाही थोडा तरी उजेड लागतो. मग त्याने वटवाघळे आणली. त्यांना अंधार आणि उजेड सारखाच! मेणबत्ती असो वा नसो, ती कुठेही न आपटता खोलीत फिरत राहिली. त्याने छतापासून बारीक दोरे लोंबते सोडले. वटवाघळे त्या दोऱ्यांमधूनही निसटून जाऊ लागली.

येथे आपल्यापैकी बहुतेकांनी काय केले असते? त्यांचे डोळे फार तीक्ष्ण असावेत, एवढे म्हणून आपण मोकळे झालो असतो. स्पालान्झानी तेथे थांबला नाही. त्याने वटवाघळांच्या डोक्यावर टोपडे घातले. आता ती आपटू लागली. उत्तर मिळाले असे वाटले. पण त्याने दुसरे टोपडे पातळ, आरपार दिसेल असे घेतले. तरीही वटवाघळे गोंधळलीच. तेव्हा डोळे झाकल्याने हे होत नसून टोपड्याने दुसरेच काहीतरी अडते, अशी शंका त्याला आली. ती तपासण्यासाठी त्याने वटवाघळांचे डोळेच नाहीसे केले. आंधळी झालेली वटवाघळे सावरल्यावर डोळस वटवाघळांसारखीच दोऱ्यांतून उडाली.

हे वाचताना माझा हात थांबला, हे प्रांजळपणे सांगतो. त्या काळी भूल देण्याचे औषध नव्हते आणि प्राण्याच्या वेदनेचा हिशेब ठेवण्याची रीतही नव्हती. आज कोणत्याही प्रयोगशाळेत असा प्रयोग करण्यास मुभा मिळणार नाही, आणि मिळूही नये. पण ज्याच्या हातात धुराचे घमेले होते त्याने दुसऱ्याच्या हातातील सुईविषयी किती बोलावे? फरक एवढाच की, स्पालान्झानीने त्या प्राण्याला इजा करून एक प्रश्न विचारला. आम्ही तर काही न विचारताच इजा केली.

यानंतरचा त्याचा प्रयोग मला सर्वांत विलक्षण वाटतो. पाव्हियाच्या कॅथीड्रलच्या, म्हणजे शहरातील प्रमुख चर्चच्या, घंटाघरात वटवाघळांची वस्ती होती. ईश्वराच्या प्रार्थनेसाठी आणि वेळ कळवण्यासाठी माणसाने तो मनोरा उभारला. त्यात बिऱ्हाड केले या प्राण्यांनी. स्पालान्झानीने तेथून वटवाघळे पकडली, त्यांची दृष्टी घालवली आणि त्यांना सोडून दिले. काही दिवसांनी पहाटे, रात्रीची शिकार संपवून वटवाघळे परतण्याच्या वेळी, तो पुन्हा त्या घंटाघरात गेला. परत आलेल्यांमध्ये त्याची आंधळी वटवाघळेही होती. त्यांची पोटे उघडून पाहिली तर डोळस वटवाघळांइतकीच किड्यांनी भरलेली! डोळ्यांवाचून ती शहरावरून उडाली होती, अंधारात उडते किडे त्यांनी टिपले होते आणि मनोऱ्यातील आपले घर बिनचूक शोधून काढले होते.

ही हकीकत वाचली तेव्हा मला आमच्या देवळाच्या बुजवलेल्या फटी आठवल्या. काकड आरतीच्या वेळी घिरट्या घालणारी वटवाघळे वाट चुकलेली नव्हती. ती आपल्या घरी आली होती. घरच नाहीसे झाले होते.

डोळे नाहीत, तर मग काय? स्पालान्झानीने एकेक इंद्रिय तपासले. स्पर्शाने कळत असेल म्हणून अंगाला रोगण लावले. नाक बंद केले. जीभही तपासली. कशानेच फरक पडेना. कानांविषयी त्याला प्रथम स्पष्ट उत्तर मिळाले नाही. तेव्हा वटवाघळाला आपल्याला नसलेले एखादे सहावे इंद्रिय असावे, अशा तर्काकडे तो झुकला. आपले प्रयोग त्याने पत्रांनी मित्रांना कळवले आणि तुम्हीही करून पाहा अशी विनंती केली. ही पत्रे फिरत फिरत जिनीव्हा शहरातील विद्वानांच्या सभेत वाचली गेली. ती ऐकणाऱ्यांत लुई ज्युरीन नावाचा शस्त्रवैद्य होता. त्याने १७९४ मध्ये वटवाघळांचे कान घट्ट बंद करून पाहिले. ती असहाय होऊन जे समोर येईल त्यावर आपटली.

दुसऱ्याने, तेही आपल्यापेक्षा लहान नावाच्या माणसाने, आपला तर्क खोटा पाडला म्हणजे काय वाटते, हे तापट माणसांना विचारावे. स्कोपोलीची टिंगल करणारा हाच स्पालान्झानी. पण येथे त्याने ज्युरीनचे प्रयोग स्वतः पुन्हा केले, तेच उत्तर आले आणि सहाव्या इंद्रियाची कल्पना त्याने सोडून दिली. एवढेच नव्हे, तर त्याने पुढची पायरी गाठली. कान बंद केल्याने होणाऱ्या दुखापतीमुळेच तर वटवाघळे आपटत नसतील? हे पाहण्यासाठी त्याने पातळ पितळेच्या अगदी बारीक नळ्या करून वटवाघळांच्या कानांत बसवल्या. नळ्या उघड्या असताना ती नीट उडाली. त्याच नळ्या बुजवताच ती आपटू लागली. दुखापत दोन्ही वेळा सारखीच होती. फरक होता तो फक्त ऐकू येण्याचा. शंकेला जागा उरली नाही. वटवाघूळ अंधारात वाट काढते ती कानांनी.

पण कानांनी म्हणजे कशी? दोरा आवाज करीत नाही. भिंत बोलत नाही. वटवाघूळही माणसाच्या कानाला जवळजवळ मुक्यानेच उडते. मग ते ऐकते तरी काय? याचे उत्तर स्पालान्झानीला सापडले नाही. त्याने ते सापडल्याचे सोंगही केले नाही.

येथून पुढची गोष्ट शास्त्राच्या इतिहासात काहीशी लाजिरवाणी आहे. १७९५ मध्ये पॅरिसमधील तरुण शास्त्रज्ञ क्युव्हिये याने, स्वतः एकही प्रयोग न करता, हे सारे स्पर्शाचे काम असल्याचे ठरवून टाकले. वटवाघळाच्या पंखांची त्वचा फार नाजूक असल्याने हवेतील बदल तिला कळत असावेत, असा त्याचा तर्क. पुढे क्युव्हियेचे नाव फार मोठे झाले आणि त्याचे मत पाठ्यपुस्तकांत शिरले. कानांनी पाहण्याची कल्पना म्हणजे विनोदाचा विषय झाला. ती मांडणाऱ्यांची थट्टा करणारे लेखही निघाले. ज्यांनी शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिले होते ते खोटे, आणि ज्याने नुसता विचार केला तो खरा, असा हा न्याय जवळजवळ एकशे चाळीस वर्षे टिकला.

स्पालान्झानीचे अखेरचे दिवस सुखाचे नव्हते. १७९६ मध्ये नेपोलियनच्या फौजा इटलीत आल्या आणि पाव्हिया शहर लुटले गेले. त्यातच त्याला मूत्राशयाचा विकार जडला होता. फेब्रुवारी १७९९ मध्ये त्याला झटका आला आणि तो वारला. वय सत्तर. मृत्यूनंतरही तो शास्त्राच्या कामी आला. त्याचे रोगग्रस्त मूत्राशय पाव्हियाच्या विद्यापीठात जतन करून ठेवले आहे. वटवाघळांवरील त्याच्या प्रयोगांच्या बहुतेक नोंदी तशाच हस्तलिखितांत पडून राहिल्या. त्या छापून निघाल्या त्या विसाव्या शतकात.

कोडे सुटले ते १९३८ मध्ये, अमेरिकेत, हार्वर्ड विद्यापीठात. आणि त्याची सुरुवात केली ती एका विद्यार्थ्याने. डोनाल्ड ग्रिफिन तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. त्याच विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीअर्स यांनी माणसाला ऐकू न येणारे अतिसूक्ष्म ध्वनी टिपणारे यंत्र बनवले होते. ग्रिफिनने आपली वटवाघळे त्या यंत्रासमोर नेली, आणि ज्या खोलीत कानाला शांतता वाटत होती तेथे यंत्राला कोलाहल ऐकू आला. माणसाचा कान सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकतो. वटवाघळाचे चीत्कार बहुधा त्यापलीकडचे असतात. ते चीत्कारते, तो आवाज समोरच्या वस्तूवर आदळून परत येतो आणि त्या प्रतिध्वनीवरून वस्तू कुठे आहे, केवढी आहे, हलते की स्थिर आहे, हे त्याला कळते. आपण विहिरीत ओरडलो तर विहीर उत्तर देते, तसलाच हा प्रकार. १९४४ मध्ये ग्रिफिनने या शक्तीला इंग्रजीत नाव दिले. मराठीत आपण तिला प्रतिध्वनीवरून स्थाननिश्चिती म्हणतो. घंटाघरातील म्हातारा प्राध्यापक खरा ठरला होता, पण तो ऐकायला तेथे नव्हता.

येथे आजीच्या समजुतीविषयीही लिहिले पाहिजे. वटवाघूळ आंधळे नसते. किडे खाणाऱ्या लहान वटवाघळांनाही डोळे असतात आणि दिसते. वडा-पिंपळावर दिवसा लटकणारी, फळे खाणारी मोठी वटवाघळे तर डोळ्यांच्या आणि वासाच्याच भरवशावर हिंडतात. प्रतिध्वनीची ही शक्ती त्यांना नाही.

स्पालान्झानीने आपल्या खोलीत दोरे टांगले होते. आज माणसाने सारे जगच अशा दोऱ्यांनी भरून टाकले आहे. वटवाघूळ आपल्या इमारती कशा वाचते, हे आता शास्त्रज्ञ तपासतात आणि त्यांतून नव्या गोष्टी कळत आहेत. जर्मनीतील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा. खडबडीत भिंतीवरून चीत्काराचा काही भाग वटवाघळाकडे परत येतो. पण काचेसारखी किंवा पत्र्यासारखी गुळगुळीत उभी भिंत तिरक्या दिशेने आलेला आवाज पलीकडे ढकलून देते, जसा आरसा प्रकाश ढकलतो. वटवाघळाला उत्तर येत नाही. त्याला वाटते, समोर मोकळी जागा आहे. आणि ते धडकते. जो प्राणी दोऱ्याला चुकला नाही, त्याला आपली काच फसवते. युरोपात घरांच्या लाकडी छपरांना कीड लागू नये म्हणून जे विषारी द्रव लावत, त्यांनी त्या छपरांत राहणारी वटवाघळे मेली. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती किडे जमतात. काही जातींची वटवाघळे तेथे मेजवानी झोडतात, तर काही जाती उजेडाला भिऊन तो रस्ताच सोडतात.

पण सगळेच वाईट घडते असेही नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन शहर आहे. तेथील नदीवरचा एक पूल १९८० मध्ये नव्याने बांधला, तेव्हा त्याच्या तळाशी अरुंद, खोल फटी राहिल्या. बांधणाऱ्यांच्या मनात नसताना वटवाघळांना त्या आवडल्या आणि ती लाखोंनी तेथे राहू लागली. लोक घाबरले. त्यांना हाकला अशी मागणी झाली. काही जाणकारांनी लोकांना समजावले की, ही वटवाघळे रात्रीत किड्यांचे ढीग फस्त करतात आणि हाती धरल्याशिवाय कुणाला इजा करत नाहीत. वटवाघळे राहिली. आज उन्हाळ्यात तेथे पंधरा लाखांपर्यंत वटवाघळे असतात आणि संध्याकाळी ती बाहेर पडताना पाहायला माणसे पुलावर गर्दी करतात. फट तीच, प्राणी तोच. बदलले ते माणसांचे मत.

स्पालान्झानीच्या आयुष्यापासून आपण विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? त्याची क्रूरता नको, त्याचे वैर नको. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. आपल्या डोक्यावर, आपल्याच छपराखाली राहणाऱ्या क्षुद्र वाटणाऱ्या प्राण्यालाही त्याने विचारण्याजोगे मानले. जे दिसले ते लिहून ठेवले. जे कळले नाही ते कळले नाही असेच ठेवले. आपल्यापैकी जे खेड्यांतून आले आहेत, त्यांनी अशा शेकडो गोष्टी पाहिल्या आहेत, ज्या पुस्तकात नाहीत किंवा पुस्तकात वेगळ्याच लिहिल्या आहेत. पुस्तकात नाही म्हणून त्या खोट्या समजून टाकून देऊ नयेत, आणि पाहिल्या म्हणून तपासल्याशिवाय खऱ्याही मानू नयेत, एवढे मला त्याच्यापासून शिकता आले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो होतो. देवळासमोर आता उंच खांबावरचा दिवा लागला आहे. त्याच्याभोवती किड्यांचा थवा फिरतो आणि अधूनमधून एखादे लहान वटवाघूळ त्यातून झपकन निघून जाते. देवळाच्या मागच्या बाजूला, देणगीदारांच्या नावांची पाटी आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटे फट राहिली आहे. तिच्याखाली फरशीवर काळ्या लेंड्या पडलेल्या मला दिसल्या. आजीला घेऊन तिसऱ्या प्रहरी तेथे गेलो आणि पाटीला कान लावायला सांगितले. आत बारीक चिवचिव चालू होती. आजी म्हणाली की, देवाने त्यांना परत आणून सोडले. मी तिला घंटाघराची गोष्ट सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली, मात्र आपले मत बदलले नाही.

फरशी झाडून मी त्या लेंड्या खतासाठी परसातल्या शेवग्याच्या बुंध्याशी टाकल्या. जीर्णोद्धार समितीला त्या फटीविषयी अद्याप सांगितलेले नाही. सांगायचे झाल्यास स्पालान्झानीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तेवढी तयारी आता झाली आहे असे वाटते.

(द्वितीय वर्ष, कला)